नाणेघाट: दोन हजार वर्षं चालती राहिलेली वाट



आपल्या बहरीनमधला सगळ्यात उंच डोंगर म्हणजे जबल अद-दुखान. उंची सुमारे १३४ मीटर. त्यामुळे ईसा टाउनमध्ये वाढणाऱ्या मुलांना सह्याद्री समजावून सांगणं तसं अवघडच. 'घाट' म्हटलं की त्यांना आठवतो तो सुट्टीतला वळणावळणाचा डांबरी रस्ता, थांबून खाल्लेला वडापाव आणि मागच्या सीटवर कुणाला तरी लागलेली गाडी. पण घाट हा शब्द डांबरापेक्षा फार जुना आहे. आज आपण अशाच एका घाटाबद्दल बोलणार आहोत. तिथं अजूनही गाडी चढत नाही. त्याचं नाव नाणेघाट.

आधी नकाशा डोळ्यांसमोर आणू या. खाली कोकण, वर देश आणि मध्ये सह्याद्रीची उभी भिंत. पावसाच्या पाण्यानं या भिंतीत जिथं नाळ कोरली, जिथं खिंड सापडली, तिथून माणसं आणि जनावरं चढू लागली. याच घाटवाटा. नाणेघाट त्यांपैकी एक. कल्याणहून मुरबाडमार्गे गेलं की पायथ्याला वैशाखरे लागतं, माथ्यावर घाटघर आणि पुढे जुन्नर. पायथ्यापासून माथ्यापर्यंत चांगल्या चालीनं दोन-अडीच तास. शेवटच्या टप्प्यात दोन्ही बाजूंना उंच कडे आणि मधून फरसबंदीची अरुंद चढण.

आता माझ्या कामाच्या भाषेत सांगायचं तर हा सगळा पुरवठा साखळीचा प्रश्न होता. सोपारा आणि कल्याण ही बंदरं खाली. जुन्नर, पैठण, तेर ही बाजाराची गावं वर. मधल्या चढावर गाडी चालत नाही, म्हणजे माल बैलाच्या पाठीवर नाहीतर माणसाच्या डोक्यावर. अशा ठिकाणी ज्याच्या हातात खिंड, त्याच्या हातात व्यापार. सातवाहनांनी हे नेमकं ओळखलं. पुढच्या काळात या वाटेच्या आसपास उभे राहिलेले जीवधन, चावंड, हडसर, शिवनेरी हे किल्लेही तेच सांगतात.

माथ्याजवळ कातळात एक मोठी गुहा खोदलेली आहे. तिच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतला, प्राकृत भाषेतला लांबलचक लेख आहे. अभ्यासक तो साधारण इसवी सनपूर्व पहिल्या शतकातला मानतात आणि राणी नागनिकेशी जोडतात. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. सिमुक, नागनिका, सातकर्णी, काही राजकुमार आणि एक महारठी. पुतळे कधीच गेले, त्यांच्या पायांच्या खुणा आणि वरची नावं तेवढी उरली. विचार करा, हे पुतळे राजवाड्यात नव्हते, देवळातही नव्हते. कल्याणहून धापा टाकत वर आलेला व्यापारी बसायचा, घाम पुसायचा, त्या जागी होते. राज्य कुणाचं आहे हे त्याला वेगळं सांगावं लागत नसणार.

लेखात मुख्यतः यज्ञ आणि दक्षिणा यांची यादी आहे. अश्वमेध, गाई, घोडे, गावं आणि कार्षापण नावाची नाणी. यादी म्हटली की आकडे आले. भारतातल्या सगळ्यात जुन्या आकड्यांपैकी काही इथले आहेत. १८७० च्या दशकात पंडित भगवानलाल इंद्रजींनी त्यांचा अभ्यास केला. एका ठिकाणी २४,४०० ही संख्या आहे. ती आपल्यासारखी स्थानानुसार लिहिलेली नाही आणि त्यात शून्यही नाही. वीस हजारांचं एक चिन्ह, चार हजारांचं दुसरं, चारशेचं तिसरं, अशी ती मांडली आहे. घरातल्या मुलांना गणिताचा कंटाळा येत असेल तर त्यांना हे सांगून बघा.

गुहेपासून थोडं वर दगडात कोरलेला मोठा रांजण आहे. घाट चढून आलेल्यांकडून जकात घेऊन नाणी त्यात टाकत आणि त्यावरूनच नाणेघाट हे नाव पडलं, असं लोक सांगतात. मात्र शिलालेखात या रांजणाचा उल्लेख नाही. म्हणजे ही लोकांनी जपलेली आठवण आहे, कोरीव पुरावा नव्हे, हा फरक मुलांनाही जरूर सांगावा.

कोरीव पुरावा हवा तर जुन्नरला जायचं. गावाभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून जास्त लेणी आहेत. त्यांत दान देणाऱ्यांमध्ये इरिल, चिट आणि चंद अशा तीन यवनांची नावं आहेत. यवन म्हणजे ग्रीक किंवा पश्चिमेकडून आलेले लोक. इरिलानं पाण्याच्या दोन पोढ्या, म्हणजे टाकी, दान दिल्या. संघक नावाच्या कल्याणच्या एका सोनारानंही एक पोढी दिली. कल्याणचा माणूस जुन्नरला पाण्याचं टाकं खोदवतो. चढून आलेल्या माणसाला सगळ्यात आधी काय लागतं, हे त्याला ठाऊक असणार.

याच सुमाराचं ग्रीक भाषेतलं 'पेरिप्लस' नावाचं खलाशांचं मार्गदर्शक पुस्तक आहे, इसवी सनाच्या पहिल्या शतकातलं. भडोच बंदरातून तांबं, चंदन आणि सागवान भरलेली मोठी जहाजं आपल्या या आखाताकडे येत, असं ते सांगतं. तेव्हा बहरीनला ग्रीक लोक तायलोस म्हणत. त्याच पुस्तकात कल्याणचीही नोंद आहे. पूर्वी हे रीतसर बंदर होतं, पण आता तिथं चुकून ग्रीक जहाज शिरलं तर पहाऱ्यात भडोचला नेतात. सत्ता बदलली, बंदराची नाकेबंदी झाली. खाली बंदर अडलं की वर घाटाची वर्दळ घटणारच. वाट कितीही पक्की असली तरी ती कुणाच्या तरी गरजेवर चालते.

तरीही हा घाट पुढे शतकानुशतकं चालता राहिला. खालून मीठ वर जायचं, वरून धान्य खाली यायचं. १८६३ मध्ये बोरघाटातून आणि १८६५ मध्ये थळघाटातून रेल्वे वर चढली, तेव्हा मोठ्या व्यापारानं पाठ फिरवली. पुढे कल्याण-नगर रस्ता शेजारच्या माळशेज घाटातून गेला. मग ही वाट मोडली का नाही? कारण खालच्या-वरच्या गावांची कामं संपली नव्हती. नातीगोती, आठवडी बाजार, जत्रा, गुरं. त्या पावलांनी वाट मोकळी ठेवली.

गावांचं महत्त्व लक्षात यायला युरोपातलं एक उदाहरण देतो. ग्रीसच्या क्रीट बेटावर सामारिया नावाची प्रसिद्ध घळ आहे. तिकीट काढायचं आणि सुमारे १६ किलोमीटर उतरत समुद्रापर्यंत जायचं. उत्तम वाट, उत्तम पाट्या. पण मधलं सामारिया गाव रिकामं आहे. १९६२ मध्ये तिथं राष्ट्रीय उद्यान झालं आणि गावकऱ्यांना बाहेर पडावं लागलं. वाट राहिली, पण ती रोजच्या कामासाठी चालणारी माणसं गेली.

नाणेघाटाची माणसं अजून आहेत. कुठली धार निसरडी, कुठल्या टाक्याचं पाणी उन्हाळ्यात टिकतं, हे त्यांना माहीत आहे. पण आता जुन्नरकडून गाडी थेट माथ्याजवळ जाते. पावसाळ्यात वाऱ्यानं उलटा उडणारा धबधबा बघायला गर्दी होते, फोटो निघतात आणि गाड्या परत फिरतात. गुहा पाहून होते, घाट मात्र पाहायचा राहतो. गावातली तरुण मुलं शहरात गेली आणि आपण सगळे गाडीनंच वर गेलो, तर ही वाट काही वर्षांत कारवीखाली जाईल. त्यासाठी कुणी वाईट वागायची गरज नाही, कुणी चाललं नाही की पुरे.

म्हणून एक सुचवतो. आपल्या शाळांची मोठी सुट्टी जुलै-ऑगस्टमध्ये, ऐन पावसाळ्यात येते. तेव्हा कातळ शेवाळलेले असतात, लहान मुलांना घेऊन हा घाट चढू नये. डिसेंबरात भारतात जाणं झालं तर एक दिवस राखून ठेवा. पहाटे वैशाखऱ्याहून निघा, गावातला वाटाड्या सोबत घ्या आणि त्याला त्याच्या श्रमाचा योग्य मोबदला द्या. भिंतीवरच्या अक्षरांना हात लावू देऊ नका. आणि वर पोचल्यावर मुलांना थोडा वेळ गुहेत नुसतं बसू द्या. त्यांनाही धाप लागलेली असेल. त्या जागी बसून धाप टाकणाऱ्या माणसांनीच कल्याण आणि जुन्नर जोडून ठेवलं होतं, हे मग सांगा. लगेच पटेल.

आज इथंच थांबतो. तुमच्या गावाजवळ अशी एखादी जुनी घाटवाट असेल, तर आजी-आजोबांना फोनवर तिचं नाव विचारा आणि लिहून ठेवा. नमस्कार.