पाइला

स्पॅनिशमध्ये 'पाइला' म्हणजे कढई. क्युबात उसाचा रस आटवायच्या मोठ्या काहिलींनाही लोक पाइलाच म्हणत, आणि धातूच्या अंगाच्या एका जोडवाद्यालाही. हेच आजचं टिंबालेस.

हे दुसरं नाव मात्र थोरल्या भावाचं. युरोपीय वाद्यवृंदात मागे मांडलेल्या भल्यामोठ्या नगाऱ्यांना, म्हणजे टिंपनीला, स्पॅनिशमध्ये टिंबालेस म्हणतात. एकोणिसाव्या शतकात क्युबाच्या नाचाच्या मेळ्यांत तेच नगारे वाजत. 1 जानेवारी 1879 रोजी मातान्सास शहरात संगीतकार मिगेल फाईल्देने आपला दान्सोन, म्हणजे नाचायच्या संगीताचा एक प्रकार, लोकांपुढे आणला, तो जमाना या नगाऱ्यांचा. पुढे बासरी-व्हायोलिनचे लहान मेळे आले. त्यांच्यात हे धूड कुठे मावणार? मग उथळ, वर कातडं आणि खाली मोकळं असं सुटसुटीत वाद्य रूढ झालं.

मला त्यातली खरी गंमत वाटते ती कातड्याबाहेरची. गायक गात असताना वादकाची काठी पत्र्याच्या अंगावर चालते. या वादनाला 'कास्कारा' म्हणतात, म्हणजे टरफल. आवाज कोरडा, टणक. कोरस रंगात आला की तीच काठी वाद्याला जोडलेल्या घंटेवर जाते, आणि नाचणाऱ्यांच्या पायांना ते आधी कळतं.

तरीही हे वाद्य राहिलं मागच्याच ओळीत. ते पुढे आणलं टीटो पुएंतेने. न्यूयॉर्कच्या स्पॅनिश हार्लेममध्ये 1923 साली पोर्तो रिकन घरात जन्मलेला हा मुलगा दुसऱ्या महायुद्धात नौदलात होता. परतल्यावर माजी सैनिकांच्या शिक्षणसवलतीवर तो ज्युलियार्ड संगीतशाळेत शिकला. आपल्या बँडचं संगीत संयोजन तोच लिहायचा. ट्रम्पेट-सॅक्सोफोनसाठी त्याने लिहिलेले तुकडे ऐका, ते तालवाद्यासारखेच ठोके देतात. लिहिणारा आणि वाजवणारा एकच असल्यावर त्याची जागा सगळ्यांना दिसेल अशीच हवी. पुएंते रंगमंचाच्या पुढ्यात उभा राहून वाजवू लागला. 'अबानिको', म्हणजे पंखा, नावाची छोटी थरथर काठीतून उलगडली की पुढचा भाग सुरू होतोय हे अख्ख्या बँडला कळायचं. 1958 चा 'डान्स मेनिया' हा अल्बम ऐकताना हे कानाला लख्ख जाणवतं.

त्याचं 'ओये कोमो वा' हे गाणं 1970 मध्ये सांताना या रॉक बँडने गिटारवर घेतलं आणि ते जगभर पोचलं. त्या बँडमध्येही टिंबालेस होतेच. वाजवणारा होता निकाराग्वाचा चेपितो अरेआस.