कांद्याच्या सालीचा रंग

इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या १२९० सालच्या खर्चवहीत ईस्टरसाठी घेतलेल्या ४५० अंड्यांची नोंद आहे. किंमत १८ पेनी. ती रंगवून, सोन्याचा वर्ख लावून राजपरिवारात वाटायची होती. पण रंगाचे पातेले कोणी चढवले, त्यात काय उकळले, हे त्या एका ओळीतून कळत नाही. आणि मला कुतूहल होते ते नेमके त्याचेच.

ते पातेले पाहायचे तर युक्रेनमध्ये जावे. तेथे ईस्टरची अंडी मुख्यतः दोन तऱ्हांची. एकरंगी, उकडून खायचे ते ‘क्राशान्का’. नक्षीचे ते ‘पिसान्का’. हे नाव ‘लिहिणे’ या अर्थाच्या धातूवरून आले. म्हणून पिसान्का रंगवीत नाहीत, लिहितात! काडीच्या टोकाला बसवलेल्या इवल्याशा नळीतून वितळलेले मेण अंड्यावर ओढायचे. मेणाखाली रंग शिरत नाही. आधी पांढऱ्या रेषा झाकायच्या, मग अंडे पिवळ्या रंगात. पिवळे राखायचे तेथे पुन्हा मेण, मग तांबड्यात, शेवटी काळ्यात. अखेर ज्योतीजवळ धरून मेण पुसले, की दडलेले सारे रंग एकदम उजळतात.

हे रंग पूर्वी परसातलेच. कांद्याच्या सालीचा सोनेरी ते विटकरी, अक्रोडाच्या हिरव्या सालीचा काळपट. १८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या पोराने कोळशाच्या डांबरापासून निघणाऱ्या द्रव्यातून जांभळा रंग काढला, आणि पुढे असे कृत्रिम रंग जगभर पसरले. आपल्याकडची निळीची शेतीही त्यांनीच बुडवली. कांद्याची साल मात्र टिकली. फुकटच्या मालाशी स्पर्धा कोण करणार?

सोव्हिएत राजवटीची या धार्मिक प्रथेवर वक्रदृष्टी होती. तरी खेड्यापाड्यांत, कॅनडात स्थायिक झालेल्या घरांत, आज्या नातींना शिकवीत राहिल्या. २००० साली कोलोमिया गावी पिसान्कांचे संग्रहालय उघडले. त्याच्या इमारतीचा एक भागच अंड्याच्या आकाराचा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये, देश युद्धात होरपळत असताना, युनेस्कोने या कलेची मानवजातीच्या वारशात नोंद केली.

गेल्या दिवाळीत आकाशकंदील चिकटवून झाल्यावर नातीला घेऊन मीही प्रयोग केला. दहा-बारा कांद्यांच्या साली अर्धा तास उकळल्या, पाणी गाळले, चमचाभर व्हिनेगर घातले आणि उकडलेली पांढरी अंडी आत सोडली. घाईने काढलेली फिकट पिवळी निघाली. रात्रभर राहिलेले एक मात्र जुन्या वाड्याच्या विटेसारखे झाले. नात हरखली. हिने सकाळी पातेले चिंचेने घासून पाहिले. डाग गेला नाही.