लिस्बन, बोंबील आणि चावी

लिस्बनला कशाला, असं बऱ्याच नातेवाइकांनी विचारलं. पॅरिस नाही, लंडन नाही, लिस्बन? मढमध्ये राहणाऱ्यांनी हे विचारावं याची मला गंमत वाटली. आमच्या गावाच्या टोकाला जो किल्ला आहे (आता हवाई दलाच्या ताब्यात आहे, आत जायला परवानगी लागते) तो पोर्तुगीजांनीच बांधलेला. शेजारच्या एरंगळचं चर्च १५७५ सालचं. १६६१ च्या तहात पोर्तुगालच्या राजघराण्याने कॅथरिनच्या हुंड्यात मुंबई बेट इंग्रजांना देऊन टाकलं, पण साष्टी सोडली नाही. त्यामुळे इंग्रजांची मुंबई खाडीपलीकडे वाढत असताना आमचं मढ मात्र १७३९ मध्ये मराठे येईपर्यंत लिस्बनच्या राजाचंच होतं. कोळ्यांना कोणी विचारलं नव्हतं, ना देताना ना ठेवताना.

तर लेक आणि जावई निघाले होते, मीही गेले.

पहिल्या दिवशी जेवायला बाकल्याऊ मागवलं. हा कॉड मासा. पोर्तुगालच्या किनाऱ्यावर तो मिळतही नाही, पार उत्तरेच्या थंड समुद्रातून येतो, तोही खारवून वाळवलेला. दुकानात फळ्यांसारखे कडक तुकडे रचून ठेवलेले असतात. तो वास आला आणि लेक म्हणाली, "आई, घरी आल्यासारखं वाटतंय ना गं?" वाटलं खरं. फरक एवढाच की आपला बोंबील बांबूच्या वलांडीवर नुसत्या उन्हा-वाऱ्यात वाळतो, मीठ नाही लागत. त्यांचा मासा एक-दोन दिवस पाणी बदलत भिजवावा लागतो. मग तो कुसकरून, बटाट्याच्या बारीक तळलेल्या काड्या आणि अंडं घालून परततात. चव छान, पण मिरची नाही! ज्यांनी आपल्याला मिरची आणून दिली त्यांच्याच ताटात ती जेमतेम. टपऱ्यांवर मात्र 'शामुसा' मिळतो, म्हणजे आपला सामोसा. त्यांच्याकडे गोव्याच्या वाटेने काहीतरी परत गेलं म्हणायचं.

भाषेचं तर विचारूच नका. पाव, बटाटा, काजू, अननस, पगार, बालदी, चावी... वर्गात मुलांना हे शब्द मी फळ्यावर लिहून दिलेत, पण ते दुकानदाराच्या तोंडून ऐकणं वेगळं. चावीला ते आता 'शाव' म्हणतात. पूर्वी त्यांच्याकडेही तिथे 'च'च होता, पुढे त्याचा 'श' झाला. म्हणजे जुना उच्चार आपण सांभाळून ठेवलाय.

बेलेमला गेलो. १८३७ पासूनच्या दुकानातली कस्टर्डची गरमागरम टार्ट खाल्ली, वर दालचिनी. (दोन खाल्ल्या. जावयांनी मोजल्या.) शेजारीच जेरोनिमोसचा मठ. १५०१ मध्ये काम सुरू झालं, आणि पैसा आला तो पूर्वेकडच्या व्यापारावरच्या करातून, मुख्यतः मसाल्यांच्या. दगडावर दोरखंड, समुद्री वेली कोरल्यात. सुंदर आहे, खोटं कशाला बोलू. आत वास्को द गामाचं थडगं, त्यावर जहाज कोरलेलं. लोक फोटो काढत होते. मला १५०२ सालचं दुसरं जहाज आठवत होतं. मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचं ते जहाज याच माणसाने बायकामुलांसकट जाळलं. थडग्याजवळ त्याचा उल्लेख मला कुठे दिसला नाही. रोसियू चौकातल्या नाट्यगृहाच्या जागी पूर्वी इन्क्विझिशनचा वाडा होता. गोव्यात तेच न्यायालय १५६० मध्ये आलं आणि मधली थोडी वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत चाललं.

पण मनात राहिलंय ते कार्मोचं चर्च. १ नोव्हेंबर १७५५ ला, सर्व संतांच्या सणाच्या दिवशी, भूकंप झाला. लोक प्रार्थनेला जमलेले, मेणबत्त्या पेटलेल्या. आधी धरणी, मग समुद्र, मग आग. कार्मोचं छप्पर गेलं ते पुन्हा घातलंच नाही. नुसत्या कमानी उभ्या आहेत, वर आभाळ. अगदी वसई किल्ल्यातल्या चर्चसारखं. वसई पडली मे १७३९ मध्ये, तिथल्या घंटा चिमाजी आप्पांच्या विजयाची खूण म्हणून आपल्या देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराची घंटा त्यातलीच, तिच्यावर १७२१ साल आहे. आणि सोळा वर्षांनी इकडे हे. वर्गात वसईचा विजय मी नेहमी आवाज चढवून शिकवला, आजही तसाच शिकवीन. तरी त्या कमानीखाली बसले तेव्हा आवाज चढवण्याजोगं काही सुचेना. लेकीने विचारलं, "काय गं, दमलीस?" हो म्हटलं.

येताना वाळवलेल्या बाकल्याऊचा एक तुकडा आणलाय. शेजारच्या कोळणीला दाखवला. तिने उलटासुलटा करून हुंगला आणि म्हणाली, "बाई, मीठ फार झालंय याला."