रात्री पहारा, दिवसा फोन

मे १८७७, बॉस्टन. ग्रॅहम बेलला टेलिफोनचं पेटंट मिळून वर्ष उलटलं होतं. यंत्र होतं, पण गावभर पसरलेल्या तारा कुठून आणायच्या?

तारा होत्या चोरांवर नजर ठेवणाऱ्यांकडे! ऑगस्टस पोपने १८५३ मध्ये विजेच्या चोरघंटेचं पेटंट घेतलं होतं. पुढे ते एडविन होम्सने विकत घेतलं. बँकेचं दार रात्री उघडलं, की होम्सच्या ऑफिसात घंटा वाजायची. त्याच्या मुलाने याच तारांना फोन जोडले. रात्री पहारा, दिवसा बोलणं. म्हणजे टेलिफोन हा अलार्मच्या घरी आलेला पाहुणा.

विसाव्या शतकात उलटं झालं. फोनची तार घरोघर पोचली, मग अलार्मसाठी वेगळी तार कोण टाकणार? अलार्मची पेटी स्वतःच नंबर फिरवून सुरांच्या भाषेत निरोप देऊ लागली. लिफ्टमधलं संकटाचं बटण, एकट्या राहणाऱ्या आजींच्या गळ्यातलं बटण, सगळं याच तारेवर.

या तारेतून आवाजाबरोबर वीजही यायची, साधारण ५० व्होल्ट. ती एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांची. म्हणून घरची लाइट गेली तरी जुना फोन चालू. (आपल्याकडेही चालायचा, आईबाबांना विचारा.) या फुकटच्या विजेची किंमत कुणी कधी मोजलीच नाही.

ती कळली ब्रिटनमध्ये. तिथे जुनं फोनजाळं २०२५ अखेर बंद होणार होतं. पण फायबरमधून वीज येत नाही. राउटर घरच्या विजेवर चालतो. शिवाय डिजिटल लाइनवर अलार्मचे सूर बिघडू शकतात. तिथे सुमारे १८ लाख लोक अशा मदतीच्या बटणावर विसंबून आहेत. लाइन बदलल्यावर काहींनी बटण दाबलं आणि निरोप गेलाच नाही. डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने कंपन्यांना सक्तीचे बदल थांबवायला लावले. पुढे मुदत ३१ जानेवारी २०२७ झाली. लँडलाइनवरच विसंबलेल्यांना वीज गेल्यावर किमान एक तास फोन करता यावा, असं तिथली नियामक संस्था ऑफकॉम सांगते. एक तास! बाथरूममध्ये पडलेल्या माणसाला तो फार थोडा वाटतो.

आता तिथल्या इमारतींत चाललेलं काम कंटाळवाणं, पण मोलाचं आहे. कुठल्या तारेवर काय लटकलंय ते आधी शोधायचं: लिफ्ट, आगीचा अलार्म, तिजोरी. बसवणारा माणूस कधीच निवृत्त झालेला. मग सिमकार्डवाली पेटी, इंटरनेटचा दुसरा मार्ग, स्वतःची बॅटरी. शेवटी मेन स्विच पाडून बटण खरंच दाबायचं आणि पलीकडच्याला विचारायचं, "पोचलं का?"