शेटलमेंट

डिटेन्शन सेंटर हा शब्द पेपरात आला की लोकांना वाटतं, ही कुठली तरी नवी परदेशी चीज. आपल्याकडं तिला शेटलमेंट म्हणायचे. सरकारी मराठीत वसाहत. किती गोड शब्द! तुरुंगात माणूस गुन्ह्यासाठी जातो. इथं जन्मला म्हणून जायचा. तुरुंगाला निकाल असतो, मुदत असते. शेटलमेंटीला दोन्ही नाय.

१८७१ साली इंग्रजानं गुन्हेगार जमातींचा कायदा केला. जमातीचं नाव गॅझेटात छापलं की कोर्टालाही त्यावर सवाल करता येत नव्हता. १८९७ च्या दुरुस्तीनं चार वर्षांचं पोरसुद्धा आईबापापासून तोडायची सोय केली. १९११ साली मुंबई इलाखाही कायद्याखाली आला. पारधी, कैकाडी, भामटा, मांग-गारुडी, कंजारभाट, छप्परबंद. गाढवावर बिऱ्हाड टाकून हिंडणारी, सातबाऱ्यावर नाव नसलेली माणसं सरकारच्या डोळ्यांत खुपतच होती.

सोलापूरची शेटलमेंट गाजलेली. भोवती काटेरी तार. रोजची हजेरी. बाहेर जायचं तर पास. पण मी गिरणीतला माणूस, माझी नजर दुसरीकडं जाते. तारेत कोंडलेली ही माणसं भोंगा झाला की कापडगिरणीत हजर! सुधारणा म्हंजे काय, तर कामाला लावणं. मी दांडी मारली तर खाडा पडतो, पगार कापतात. त्यांनी मारली तर पाठीमागं पोलीस. काम सोडतो म्हणायची सोयच ज्या कामगाराला नाही, त्याला मालक काय भाव देणार? सुधारणेचा हिशेब मांडायचा तर इथून मांडायला पाहिजे.

या शेटलमेंटींचा अधिकारी स्टार्ट १९२८ साली अस्पृश्य-आदिवासींच्या चौकशी समितीचा अध्यक्ष झाला. बाबासाहेब तिचे सभासद होते. म्हंजे ज्याच्या कमरेला कुलपाची किल्ली, त्याच्याच टेबलावर उद्धाराची फाईल.

१५ ऑगस्ट १९४७ ला देश सुटला. देशभरातून हा कायदा गेला ३१ ऑगस्ट १९५२ ला. मधली पाच वर्षं सोळा दिवस कुणाच्या खात्यावर? पुन्हा १९५९ साली मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आलाच. आता जमात नाही, एकेकटा माणूस. पोलिसाच्या वहीत आडनावं तीच.

शेटलमेंटीत जो नीट वागेल त्याला तारेबाहेर घर मिळायचं. त्या वस्तीला नाव दिलं फ्री कॉलनी. सोलापुरात पत्त्यावर अजून तसंच लिहितात, सेटलमेंट फ्री कॉलनी, पुढं नंबर. पोस्टमन टपाल बरोबर पोचवतो.