वजन बेताचे, तरी मधुमेह कसा? वारसा जनुकांचा, गुंता राहणीमानाचा

'अंगाने किरकोळ, खाणे बेताचे; मग साखर वाढली कशी?' नांदेड, लातूरच्या घरांत हा प्रश्न नवा नाही. मधुमेह हा केवळ लठ्ठ माणसांचा आजार, या समजुतीतून तो उद्भवतो. त्याच्या उत्तराचा एक भाग आनुवंशिकतेत दडलेला आहे.

इन्शुलिन प्रतिरोध म्हणजे काय?

स्वादुपिंडात तयार होणाऱ्या इन्शुलिनमुळे रक्तातील साखर पेशींत शिरते. स्नायू व यकृत त्याला पुरेसा प्रतिसाद देईनासे झाले, की त्या स्थितीस इन्शुलिन प्रतिरोध म्हणतात. प्रारंभी स्वादुपिंड जादा इन्शुलिन निर्माण करून तूट भरून काढते. ते अपुरे पडू लागले, की साखर वाढते. पोटातील अवयवांभोवती व यकृतात साठलेली चरबी या प्रतिरोधास विशेष कारणीभूत ठरते.

जनुकांची भूमिका

एकाच जनुकातील दोषामुळे येणारा लठ्ठपणा अत्यंत दुर्मीळ असतो. बहुतेकांच्या बाबतीत अनेक जनुकांतील लहान लहान फरकांची बेरीज परिणाम घडवते. २००७ मध्ये 'एफटीओ' या जनुकातील असाच एक फरक युरोपीय लोकांत आढळला. तो आई आणि वडील अशा दोघांकडूनही आलेल्या व्यक्तींचे वजन सरासरी ३ किलोने अधिक होते. भूक नियंत्रित करणाऱ्या 'एमसीफोरआर' जनुकाजवळील एका फरकाचा संबंध कंबरेचा घेर व इन्शुलिन प्रतिरोधाशी असल्याचे २००८ मध्ये लंडनमधील भारतीय वंशाच्या लोकांच्या अभ्यासातून पुढे आले.

पुण्यातील संशोधन

महाराष्ट्रात या विषयाचा पाया पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने घातला. २००४ मध्ये त्यांनी 'लॅन्सेट' नियतकालिकात स्वतःची आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांची छायाचित्रे प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने वजन दर्शवणारा दोघांचा निर्देशांक सारखाच, २२.३ होता. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के भरली! पुढे २००९ मध्ये पुण्यातील रुग्णांच्या अभ्यासात 'एफटीओ'चा मधुमेहाशी असलेला संबंध केवळ वजनवाढीतून स्पष्ट होत नसल्याचे दिसले.

तथापि, सारा दोष जनुकांच्या माथी मारता येत नाही. पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालके सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टनची ३.५ किलोची होती. परंतु वजन कमी असूनही इथल्या बालकांच्या त्वचेखालील चरबी त्या प्रमाणात घटलेली नव्हती. गरोदरपणी मातेस 'बी-१२' जीवनसत्त्व कमी आणि फोलेट अधिक मिळाल्यास मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलिन प्रतिरोध अधिक आढळतो, असे २००८ च्या अभ्यासात नोंदले गेले. गर्भातील पोषणही वारशाइतकेच बोलके असते.

मराठवाड्यासाठी अर्थ

दुष्काळात चरबी साठवणारी जनुके तगून राहिली असावीत, ही जेम्स नील यांची १९६२ ची कल्पना मराठवाड्यात सहज पटते. पण ती वादग्रस्त आहे आणि १९७२ सारख्या एका दुष्काळाने कुणाची जनुके बदलत नाहीत. बदलले ते जगणे. आजोबांनी रानात ज्वारीची कापणी केली. नातू लातूरच्या शिकवणी वर्गात दिवसभर बसून असतो. जनुके तीच, श्रम मात्र गेले.

दिलासा असा, की हा वारसा अटळ नाही. २ लाखांहून अधिक प्रौढांच्या माहितीवर आधारित २०११ च्या विश्लेषणात, शारीरिक हालचाल करणाऱ्यांमध्ये 'एफटीओ'चा लठ्ठपणावरील प्रभाव सुमारे २७ टक्क्यांनी कमी आढळला. त्यासाठी महागड्या जनुकचाचणीची गरज नाही. भारतीयांसाठी कंबरेची मर्यादा पुरुषांत ९० सेंटिमीटर, तर स्त्रियांत ८० सेंटिमीटर मानली जाते. आई-वडिलांपैकी कुणाला मधुमेह असेल, तर वजनाच्या काट्यावर विसंबून न राहता कंबर मोजावी आणि साखर वेळीच तपासून घ्यावी, हे श्रेयस्कर.