सुट्टे नाहीत

काळात मागं जायचं म्हटलं की लोकांना कपड्यांची काळजी पडते. धोतर नेसावं का, पागोटं लागेल का, तिथलं पाणी बाधेल का. खरी अडचण वेगळीच असते, आणि ती पहिल्या पाच मिनिटांत कळते. खिशातले पैसे चालत नाहीत.

तुम्ही नाशिक रोड स्टेशनबाहेर चहाच्या टपरीशी उभे आहात. हातात विसाची नोट. "दादा, सुट्टे द्या ना, नाहीतर स्कॅन करा," चहावाला म्हणतो. मोबाइल तुम्ही मुद्दाम घरी ठेवलाय. पुढं त्याला रेंज मिळणार नाही. तो गल्ल्यात सुट्टे शोधतोय तोवर तुम्ही नोट उलटी करून बघता. वेरूळची लेणी. बाजूला पंधरा भाषांची उतरंड. इंग्रजीतल्या नावांच्या अकारविल्ह्यानं लावल्यामुळं मराठी बरोब्बर मधोमध आलीय, वर सात आणि खाली सात. इतकी वर्षं नोटा हाताळल्या, पण हे कधी मोजलं नव्हतं. अशा नोटा छापणारा कारखाना इथून रिक्षेच्या टप्प्यावर आहे, जेल रोडला. अर्थात ही नोट तिथलीच असेल असं नाही. देवास, म्हैसूर आणि सालबोनीलाही छपाई चालते. चहावाला दहाचं नाणं तुमच्या हातावर टेकवतो. सालाखाली बारीकसा हिरा: मुंबईच्या टांकसाळीची खूण.

चहा संपतो. पेला खाली ठेवून तुम्ही मान वर करता, तर समोर रिक्षांची रांग नाही.

एप्रिल १९५७. पुढं भाजीबाजार आहे आणि तिथं भांडण पेटलंय. एक मास्तर आणि एक भाजीवाली, मध्ये कोथिंबिरीची जुडी. गेल्या १ तारखेपासून रुपयाचे चौसष्ट पैसे गेले आणि शंभर नये पैसे आले. आणे मात्र लोकांच्या तोंडातही आहेत आणि कनवटीलाही. एक आणा म्हणजे सव्वासहा नये पैसे. आता हा पाव पैसा आणायचा कुठून? सरकारी तक्त्यात एका आण्याला सहा, दोन आण्यांना बारा, तीन आण्यांना एकोणीस आणि चार आण्यांना पंचवीस लावलेत. म्हणजे आण्या-आण्याची भाजी चारदा घेतली तर चोवीस पैसे, एकदम घेतली तर पंचवीस. मास्तरांनी हे ताडलंय आणि ते चार फेऱ्या मारतायत. भाजीवाली शाळेत गेलेली नसली तरी तिनंही ते ताडलंय. ती चौथ्या फेरीला जुडीच देत नाही.

तुम्ही दहाचं नाणं पुढं करता. मध्ये एक रंग, कडेला दुसरा. "हा बिल्ला कुठल्या पलटणीचा?" ती विचारते. आजूबाजूचे हसतात. मास्तर सज्जन, ते तुमच्या हातावर एक नया पैसा ठेवतात. कोरं करकरीत, तांबूस, नखाएवढं नाणं. त्यावर लिहिलंय, 'रुपये का सौवाँ भाग'. राजाचं नाव नाही की देवाचं नाही, नुसतं गणित. स्वतःची ओळख अपूर्णांकात करून देणारं हे नाणं मला तरी फार आवडतं. बाकीची भावंडं अंधारातही ओळखू यावीत अशी: पाचाचं चौकोनी, दोनाचं आणि दहाचं कातरलेल्या कडेचं. 'नया' हा शब्द १९६४ च्या जूनमध्ये गळेल. आणे मात्र गळणार नाहीत. ३० जून २०११ ला पंचवीस पैशांचं नाणं बंद होईपर्यंत लोक त्याला चार आणेच म्हणतील, आणि खरं बोलणारा माणूस सोळा आणेच खरं बोलत राहील.

नया पैसा मुठीत धरून तुम्ही आणखी नऊ वर्षं मागं सरकता. १९४८. आता तुम्ही छापखान्याच्या आत आहात.

शाईचा वास डोक्यात जातो. १९२८ पर्यंत आपल्या नोटा इंग्लंडहून बोटीनं यायच्या; त्या वर्षी पाचाची नोट इथं छापली गेली आणि नाशिक रोड हे नाव पैशाला कायमचं चिकटलं. स्वातंत्र्य मिळून काही महिने झालेत, पण यंत्रातून पडणाऱ्या प्रत्येक तावावर सहावा जॉर्ज आहे. कागदावरचं राज्य इतक्या लवकर जात नाही. पलीकडच्या गठ्ठ्याकडं बघून तुम्ही थबकता. तीच नोट, तोच राजा, रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांची तीच सही. पण कोऱ्या जागेत वर इंग्रजीत 'गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान' आणि खाली उर्दूत 'हुकूमत-ए-पाकिस्तान'. पाकिस्तानची स्वतःची बँक अजून उभी राहिलेली नाही, म्हणून नाशिकला छापलेल्या नोटा कराचीत चालणार आहेत. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेल्या माणसाची सही लाहोरच्या बाजारात. दोन नवे देश, छापखाना एक, आणि नोटेवरचा राजा तिसऱ्याच देशात बसलेला.

राजाच्या जागी कोण, हा घोळही याच सुमारास चाललाय. आधी महात्मा गांधींचं चित्र घालायचं ठरलं होतं, तसे नमुनेही तयार झाले; शेवटी सारनाथचे सिंह ठरले आणि १९४९ च्या एक रुपयाच्या नोटेवर ते बसले. गांधीजी १९६९ मध्ये आले, जन्मशताब्दीला, मागं सेवाग्रामची कुटी घेऊन. आज दिसतो तो हसरा चेहरा १९९६ पासूनचा. तो १९४६ च्या एका फोटोतून उचललाय. त्या फोटोत त्यांच्या शेजारी ब्रिटिश मंत्री पेथिक-लॉरेन्स उभे होते. नोटेवर यायच्या वेळी त्यांना कापलं.

कँटीनवाल्याला तुम्ही नया पैसा देता. "सौवाँ भाग? आमच्यात चौसष्टावा असतो," तो म्हणतो आणि दया येऊन आपल्याकडचा एक पैसा देतो. भोकाचा पैसा. १९४३ मध्ये, ऐन लढाईत, तांबं वाचवायला सरकारनं नाण्याच्या पोटातलं तांबंच काढून घेतलं. पोरं तो करगोट्यात ओवतात, मिस्त्री वॉशर म्हणून वापरतात.

हे भोक तुम्हाला पुढच्या मुक्कामी नडणार आहे.

१९१८. नाशिकचा सराफ बाजार. भोकाचा पैसा बघताच सराफ तो चिमटीत धरून परत करतो. "भोक पाडलेलं नाणं आम्ही घेत नाही." तुम्ही सांगायला जाता की ते सरकारनंच पाडलंय. तो तुमच्याकडं वेड्याकडं बघावं तसं बघतो.

पण त्याचं लक्ष तुमच्याकडं नाहीच. समोर एक शेतकरी उभा आहे आणि त्याच्या हातात आहे एक रुपयाची नोट. ३० नोव्हेंबर १९१७ ला ती निघाली. पंचवीस-पंचवीस नोटांची पुस्तकं येतात आणि त्यातून एकेक फाडून देतात. यूरोपातल्या युद्धानं चांदी गिळलीय, जिच्याजवळ चांदीचा रुपया आहे ती बाई तो जमिनीत पुरून ठेवतेय, म्हणून हा कागद. शेतकऱ्याचा बाप रुपया घेताना दगडावर आपटायचा आणि कान द्यायचा. खणकन वाजला तर खरा, बद्द वाजला तर खोटा. रुपयाचं वजनही नेमकं एक तोळा, त्यामुळं सोनारही तागडीत वजन म्हणून तोच टाकायचे. आता या कागदाचं काय वाजवायचं? शेतकरी नोट कानाशी धरून हलवतो. सराफ हसत नाही. तो म्हणतो, "घेईन, पण बट्टा लागेल."

हा बट्टा सरकारच्या जिव्हारी लागलाय. नोटेच्या बदल्यात चांदी मागायला लोकांची रीघ लागलीय आणि तिजोरीचा तळ दिसू लागलाय. या वर्षी अमेरिका कायदा करून आपले कोट्यवधी चांदीचे डॉलर वितळवेल आणि ती चांदी बोटींतून हिंदुस्थानात येईल, टांकसाळीत रुपये व्हायला. आपल्या आजीच्या डब्यातल्या एखाद्या पंचम जॉर्जच्या रुपयात मुळात एखादा डॉलर असू शकतो. हा जॉर्ज आला तोही अपशकुन करूनच: १९११ च्या रुपयावर त्याच्या झग्यावरच्या पदकातला हत्ती लोकांना डुक्कर वाटला, गहजब झाला, आणि पुढच्या वर्षी हत्तीची सोंड नीट करून घ्यावी लागली.

१९०६. गोदावरी आणि दारणा मिळतात तिथं, नाशिक रोडच्या खालच्या अंगाला, जोगलटेंभी नावाचं गाव. तिथल्या मातीतून चांदीच्या नाण्यांचा ढीग निघालाय. तुम्ही त्यात हात घालता. एकेक नाणं जेमतेम दोन ग्रॅमचं. एका बाजूला उजवीकडं तोंड केलेला राजाचा चेहरा, सरळ नाक, भोवती ग्रीक अक्षरं. हा क्षत्रप नहपान. पण बऱ्याच नाण्यांवर त्याच्या गालात एक तीन कमानींचा डोंगर रुतलाय आणि डोंगराखाली नागमोडी रेघ. कुठं नाक वाचलंय, कुठं नुसती हनुवटी. रेव्हरंड स्कॉट पुढं सगळी मोजतील: १३,२५०, आणि त्यांतल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर हा दुसरा ठसा. तुम्ही त्यांतलं एक खिशात टाकता. चोरीच ती, पण स्कॉटसाहेबांचा आकडा तुम्ही उचलल्यानंतरचा आहे असं समजू.

वाटेत १८७० च्या आसपास एका सावकाराच्या ओसरीवर क्षणभर टेकता. तो शंभराची नोट कात्रीनं मधोमध कापतोय. घाबरू नका. एक अर्धुक आज टपालानं मुंबईला जाईल, पोचल्याचं पत्र आलं की दुसरं. वाटेत टपाल लुटलं तर लुटारूच्या हाती अर्धी नोट, म्हणजे काहीच नाही.

आणि मग चांदवड, १८०० च्या अलीकडं-पलीकडं. होळकरांची टांकसाळ. इथला सराफ तुम्हाला आतापर्यंत भेटलेल्यांत सगळ्यात विद्वान. त्याच्यासमोर चांदवडी रुपया आहे, पुण्याचा अंकुशी आहे, सुरती आहे, हाली सिक्का आहे. प्रत्येकाचं वजन वेगळं, कस वेगळा, बट्टा वेगळा. इथं रुपया कुणी नुसता रुपया म्हणून मागत नाही; कुठला ते आधी ठरतं, मग सौदा. रुपयांवर मजकूर फारसी आणि नाव दिल्लीच्या बादशहाचं, शाहआलमचं. त्याचे डोळे १७८८ मध्ये गुलाम कादिरनं काढले. त्याला पुन्हा गादीवर बसवलं ते महादजी शिंद्यांनी. बादशहाला आपलं नाणं दिसत नाही, सराफाला त्यावरचं नाव वाचता येत नाही, पण नाव बदललं तर बाजार बिथरेल हे दोघांनाही माहीत आहे.

त्या गर्दीत तांब्याचा एक जाड पैसा पडलाय. त्यावर मात्र देवनागरी: एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसरीकडं 'छत्रपति'. शिवराई. १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हा सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली. पाडणाऱ्याला दुसऱ्याचं नाव उसनं घ्यावंसं वाटलं नाही. होन दुर्मीळ झाले. शिवराई राज्य गेल्यावरही बाजारात फिरत राहिली.

सराफ तुमचं चोरलेलं नाणं कसोटीवर घासतो. "चांदी आहे. बाकी डोंगर कुणाचा नि नाक कुणाचं, देव जाणे. वजनावर घेतो." हा पहिला माणूस, ज्यानं नाही म्हटलं नाही. तरी तुम्ही नाणं परत घेता.

आता एकच उडी उरलीय, सोळा-सतराशे वर्षांची.

त्रिरश्मीच्या डोंगरात, आज आपण पांडवलेणी म्हणतो तिथं, भिंतीवरची अक्षरं अजून धारदार आहेत. नहपानाचा जावई उषवदात यानं कोरून ठेवलंय: गोवर्धनातल्या कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडं मिळून तीन हजार कार्षापण ठेव, दोन हजारांवर महिना शेकडा एक व्याज, एक हजारावर पाऊण. दोन हजारांच्या व्याजातून वीस भिक्षूंना दर साल चीवरासाठी बारा-बारा कार्षापण. पस्तीस कार्षापणांचा एक सुवर्ण, असा दरही आहे. मुदत ठेवीची पावती दगडावर कोरलेली; हरवायची भीती नाही.

पण ही जुनी गोष्ट. उषवदाताच्या सासऱ्याचं राज्य आता गेलंय, गौतमीपुत्र सातकर्णीनं घेतलंय. खाली गावात ठोकण्याचे आवाज येतायत. एक कारागीर ऐरणीवर नहपानाचं नाणं ठेवतो, त्यावर ठसा धरतो, हातोडा घालतो. उलटवतो, पुन्हा एक घाव. चांदी वितळवत नाही. इतक्या नाण्यांना भट्टी लावायला वेळ कुणाला आहे? नव्या राजाचं नाव आजच बाजारात जायला हवं. घाव तिरका बसला तर जुन्या राजाचं नाक वाचतं. कारागिराला त्याचं काही नाही, दिवसाकाठी अशी शेकड्यांनी हातावेगळी करायचीत. एक नाणं उडून तुमच्या पायाशी पडतं. तिरका डोंगर, अर्धी हनुवटी, शाबूत नाक. खिशात हात घालून तुम्ही दुसरं काढता आणि दोन्ही शेजारी धरता. एकच. फक्त खिशातलं काळवंडलंय.

पायाशी पडलेलं तुम्ही कारागिराला परत देता. ते मातीत जायचंय, अठराशे वर्षांसाठी. काळवंडलेलं घेऊन तुम्ही बाजारात शिरता. एक कोष्टी पंच्यांच्या थप्पीमागं बसलाय. तुम्ही पंच्याकडं बोट दाखवता आणि नाणं त्याच्यापुढं धरता. तो ते घेतो, अंगठ्यानं काळेपणा पुसतो, नाकाकडं बघतो, डोंगराकडं बघतो. मग पंचा तुमच्या खांद्यावर टाकतो, मागच्या गाडग्यात हात घालतो आणि शिशाची जड, वेडीवाकडी नाणी तुमच्या ओंजळीत मोजून ठेवतो.

सुट्टे.